फुप्फुसातला मॅक: औषधं सुरू करायची की थांबायचं, हे कसं ठरवावं

फुप्फुसात मॅक नावाच्या जंतूचा आजार असल्याचं निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. हा क्षयरोग नाही, ही पहिली. यावर औषधं आहेत, पण ती आजच्या आज सुरू केलीच पाहिजेत असं नाही, ही दुसरी. पहिली ऐकून जीव भांड्यात पडला. दुसरीने मात्र पुढचे कितीतरी दिवस झोप लागू दिली नाही. रोग आहे, औषध आहे, मग थांबायचं कशासाठी? आणि आज नाही तर कधी?

तेव्हा मी ५६ वर्षांची होते. कापडाच्या रंगखात्यात शेड जुळवण्याचं काम मी ३१ वर्षं केलं. गिऱ्हाइकाच्या नमुन्यातला लाल आणि आपण रंगवलेल्या तुकड्यातला लाल यांत केसाएवढा फरक असला तरी तो डोळ्यांनी पकडायचा, हे माझं काम. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा निर्णय बराचसा याच कामाभोवती फिरला. मी १६ महिने थांबले, मग १७ महिने औषधं घेतली, आणि ती बंद होऊन आता आठ महिने झालेत. थांबले ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं, आणि सुरू केली तेही. असाच अहवाल ज्यांच्या हातात नुकताच पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांसमोर बसण्याआधी काय काय मनाशी उलगडून जावं, ते मला सांगता येईल.

वेळ आहे, हे आधी मनात बसवा

मॅक म्हणजे मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स. क्षयरोगाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी हा एक जथा. या भाऊबंदांना सगळ्यांना मिळून एनटीएम म्हणतात, म्हणजे क्षयरोगाचे नसलेले मायकोबॅक्टेरिया, आणि त्यांच्या १९० हून जास्त जाती आतापर्यंत ओळखल्या गेल्यात. ते मातीत असतात, पाण्यात असतात, नळाच्या पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात असतात, शॉवरच्या जाळीत असतात. पाण्यातल्या क्लोरीनला ते सहजी दाद देत नाहीत. थोडक्यात, ते सगळ्यांच्याच श्वासात जातात. ज्यांच्या श्वासनलिका आधीच रुंदावून सैल झाल्यात, म्हणजे ब्राँकिएक्टेसिस आहे, किंवा ज्यांची फुप्फुसं दुसऱ्या कुठल्या आजाराने खराब झालीत, त्यांच्यात ते तळ ठोकतात.

क्षयरोगाशी याचा मोठा फरक असा, की मॅक एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. क्षयरोगात औषधं ताबडतोब सुरू करतात त्याचं एक कारण घरातल्या आणि आसपासच्या लोकांचा बचाव हे असतं. इथे तो प्रश्नच नाही. माझी लेक तेव्हा गरोदर होती आणि मी तिच्यापासून चार हात लांब राहायला लागले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं तेव्हा कुठे मी तिला जवळ घेतलं. तेव्हा हा निर्णय घ्यायचा तो फक्त तुमच्या फुप्फुसांपुरता. मॅक बहुतेकांत सावकाश चालतो, महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने. दोन-चार आठवडे नीट विचारात घालवले तर सहसा काही बिघडत नाही.

पण सगळ्यांनाच ही सवलत नसते. कोणाला नसते ते पुढे सांगते, कारण तोच भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

निदान खरंच पक्कं झालंय का

एकदा थुंकीत जंतू सापडला म्हणजे आजार झाला, असं नाही. पाण्यातला जंतू तोंडात येऊन गेला असेल, चार दिवस राहून निघून गेला असेल, किंवा डबीत नळाचं पाणी लागलं असेल. म्हणून निदानाला तीन बाजू लागतात. तुम्हाला त्रास होत असला पाहिजे. सीटी स्कॅनवर पोकळी, किंवा रुंदावलेल्या श्वासनलिका आणि त्यांच्याजवळ बारीक गाठींचे ठिपके दिसले पाहिजेत, आणि त्याला दुसरं कारण नसलं पाहिजे. आणि वेगवेगळ्या वेळी दिलेल्या किमान दोन थुंकी नमुन्यांच्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीत, तीच जात उगवली पाहिजे. दुर्बिणीने फुप्फुस धुऊन घेतलेला नमुना असेल तर एकही पुरतो.

माझ्या बाबतीत पहिलं कल्चर फेब्रुवारीत उगवलं, दुसरं मे महिन्यात. मधले तीन महिने मी "मला तो रोग झालाय" म्हणून काढले. खरं तर तेव्हा तसं म्हणायला पुरेसा आधार नव्हता. कल्चरला वेळ लागतो, सहा ते आठ आठवडे नमुना ठेवावा लागतो, तेव्हा अहवालामागे रोज फोन करून उपयोग नाही. नमुना मात्र नीट द्या. सकाळी उठल्या उठल्या, खोल खोकून छातीतून आलेला घट्ट बेडका हवा, नुसती लाळ नको. आणि डबीत थुंकण्याआधी नळाच्या पाण्याने चूळ भरू नका, त्याच पाण्यात हे जंतू असू शकतात.

अहवालात नुसतं "एएफबी पॉझिटिव्ह" (म्हणजे या घराण्यातले जंतू दिसले) लिहिलेलं असेल तर त्यावरून क्षयरोग की एनटीएम हे कळत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही सारखेच लाल दिसतात. जिथे क्षयरोग जास्त आहे तिथे अशा अहवालावर थेट क्षयरोगाची औषधं सुरू होतात. स्मीअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेली थुंकी) पॉझिटिव्ह पण क्षयरोगाची जनुकीय चाचणी निगेटिव्ह, असं आलं तर "कल्चरमधून जात ओळखून द्या" असा आग्रह धरा.

जात कळणं का लागतं? कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. गॉर्डोनी नावाची जात सापडली तर ती जवळपास नेहमी पाण्यातून नमुन्यात आलेली असते, तिच्यासाठी सहसा औषधं घेत नाहीत. कॅन्ससाय सापडली तर उलट, तिचं वागणं क्षयरोगासारखं असतं आणि डॉक्टर सहसा थांबत नाहीत. ॲबसेसस हे वेगळंच प्रकरण आहे. तिच्यात बरीचशी औषधं लागू पडत नाहीत, सुरुवातीला शिरेतून औषधं द्यावी लागतात, आणि काही प्रकारांत एक जनुक असं असतं की ॲझिथ्रोमायसिन सुरुवातीला चालतंय असं दिसतं आणि पुढे निकामी ठरतं. तिथे या आजाराचा रोजचा अनुभव असलेल्या डॉक्टरांशिवाय काही ठरवू नये. मी पुढे जे सांगतेय ते मॅकबद्दल.

सगळ्यांत आधी करू नये अशी गोष्ट

निदानाच्या आधी एका डॉक्टरांनी मला खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन दिलं होतं, आठवड्यातून तीन दिवस, एकटंच, दीर्घ काळ घ्यायचं म्हणून. ब्राँकिएक्टेसिसमध्ये वारंवार बिघाड होऊ नये म्हणून ते देतात आणि त्याचा फायदाही होतो. पण देण्याआधी थुंकीचं मायकोबॅक्टेरियाचं कल्चर करायला हवं होतं, ते केलं नाही. मी सहा आठवडे ते घेत राहिले.

यात धोका असा. मॅकच्या उपचारांचा सगळा डोलारा ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन या एका खांबावर उभा आहे. बाकीची औषधं मुख्यतः त्या खांबाला टेकू देण्यासाठी असतात, म्हणजे जंतूने त्याला दाद देणं सोडू नये म्हणून. ते एकटंच दिलं तर जंतू त्याला सरावतो, आणि एकदा सरावला की पुढचे उपचार लांबतात, जड होतात आणि यश फार कमी मिळतं. माझा संवेदनशीलतेचा अहवाल, म्हणजे जंतूवर औषध अजून चालतं का ते सांगणारा, येईपर्यंत मी अक्षरशः दिवस मोजले. जंतू अजून औषधाला दाद देत होता. त्या कागदाची प्रत मी आजही फाइलच्या पहिल्या पानावर ठेवलीय.

तेव्हा "थोडं सौम्य काहीतरी घेऊन बघू, एकच गोळी" असा मधला मार्ग कोणी सुचवला तर तो घेऊ नका. घ्यायचं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. आणि सुरू करण्याआधी ॲझिथ्रोमायसिनच्या गटाची संवेदनशीलता तपासलेला अहवाल हातात असू द्या.

कोणी थांबू नये

सीटीवर पोकळी असेल तर थांबण्याचा विषय जवळजवळ संपतो. स्मीअर पॉझिटिव्ह असेल, म्हणजे कल्चरची वाट न पाहता नुसत्या सूक्ष्मदर्शकाखालीच जंतू दिसण्याइतके ते जास्त असतील, तर पारडं उपचारांकडे झुकतं. वजन घटत असेल, थुंकीतून वरचेवर रक्त पडत असेल, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील वा लवकरच सुरू व्हायची असतील, तरीही.

माझ्याबरोबर कफ काढण्याचे व्यायाम शिकायला एक गृहस्थ यायचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होती. त्यांना आठवड्याभरात औषधं सुरू झाली, रोजच्या गोळ्या आणि वर पहिले काही महिने इंजेक्शनं. मी थांबलेय हे ऐकून ते म्हणाले, "ताई, मलाही थांबायला आवडलं असतं." आमच्या दोघांच्या अहवालावर जंतूचं नाव एकच होतं. तेव्हापासून मी कोणालाच "मी थांबले, तुम्हीही थांबा" असं म्हणत नाही.

२०२० साली अमेरिका आणि युरोपातल्या छातीविकार व संसर्गरोगांच्या चार संघटनांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत निदानाच्या अटी पूर्ण होत असतील तर नुसतं पाहत राहण्यापेक्षा उपचार सुरू करावेत अशी सूचना आहे, विशेषतः स्मीअर पॉझिटिव्ह किंवा पोकळी असेल तर. पण ती सशर्त सूचना आहे, आणि तिच्यामागचा पुरावा फारसा भक्कम नाही हे त्यांनीच नोंदवलंय. माझ्या डॉक्टरांनी मला हे लपवून ठेवलं नाही. त्यांचा स्वतःचा कल सुरू करण्याकडे होता. पण माझी स्मीअर निगेटिव्ह, पोकळी नाही, उजव्या फुप्फुसाच्या मधल्या भागात आणि डाव्याच्या लिंग्युला नावाच्या भागात थोडे ठिपके, वजन ४६ किलोवर स्थिर. "तुम्ही नीट लक्ष ठेवणार असाल तर थांबता येईल," असं ते म्हणाले. त्या वाक्यातल्या "नीट लक्ष ठेवणार असाल तर" या शब्दांचा अर्थ मला पुढे कळला.

थांबणं म्हणजे काय करणं

पहिले दोन महिने मी थांबले म्हणजे काहीच केलं नाही. रोज उठून छातीचा अंदाज घ्यायचा आणि "आज बरं वाटतंय" किंवा "आज बरं नाही" म्हणायचं, बस. यातून काही हाती लागत नाही. या आजारात रोज थोडं थोडं खाली येणं कळतच नाही, माणूस त्याला सरावतो. रंगाच्या कामात आम्ही कधीही नुसत्या आठवणीवर शेड ठरवत नसू. मूळ तुकडा शेजारी ठेवल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम. तोच मी इथे लावला.

एका वहीच्या पहिल्या पानावर मी त्या दिवसाची मूळ स्थिती लिहिली. वजन, दिवसभरात किती कफ पडतो त्याचा मापाने अंदाज, कफाचा रंग, तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढता येतं की नाही, दुपारी झोपावं लागतं का, रात्री घामाने कपडे बदलावे लागतात का. सीटीची तारीख. कल्चरच्या तारखा. आणि दुसऱ्या पानावर, डॉक्टरांना समोर बसवून, कशाकशानंतर औषधं सुरू करायची ते लिहिलं.

माझ्या खुणा अशा होत्या. वजन ४५ च्या खाली गेलं आणि महिनाभर वर आलं नाही. माझ्या उंचीला ४५ च्या वर थोडंसं गेल्यावर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) १८.५ होतो, आणि त्याखाली बीएमआय असणं ही या आजारात वाईट खूण मानतात. स्मीअर पॉझिटिव्ह आली. सीटीवर ठिपके नव्या भागात पसरले. कितीही लहान पोकळी दिसली, तर बाकी काही न बघता लगेच. थुंकीत नुसत्या रेघेपेक्षा जास्त रक्त. दोन आठवड्यांवर चाललेला ताप किंवा रात्रीचा घाम, ज्याला दुसरं कारण सापडत नाही. पोकळी आणि रक्त सोडून बाकीच्यांतली एक खूण आली तर तपासण्या लवकर करायच्या, दोन आल्या तर सुरू.

हे आधी लिहून ठेवण्याचा फायदा मला शब्दांत नीट मांडता येत नाही, पण प्रयत्न करते. बरं वाटत असताना घेतलेला निर्णय आणि घाबरलेलं असताना घेतलेला निर्णय वेगळे असतात. खोकला एक आठवडा वाढला की मला वाटायचं, आत्ताच्या आत्ता सुरू करा. चार दिवस बरे गेले की वाटायचं, कधीच नको. दुसरं पान उघडलं की दोन्ही लाटा ओसरायच्या. तुमच्या खुणा माझ्यापेक्षा वेगळ्या असतील. त्या तुमच्या डॉक्टरांनी मान्य केलेल्या असाव्यात आणि मोजता येतील अशा असाव्यात, एवढं बघा. "तब्येत बिघडली तर" ही खूण नव्हे.

आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. माझी थुंकी दर दोन-तीन महिन्यांनी जायची आणि सीटी सहा महिन्यांनी, किरणोत्सर्ग कमी असलेला. तारीख नसेल तर थांबणं आपोआप विसरण्यात जमा होतं.

लक्ष ठेवण्याशिवाय थांबण्यात दुसरं काम असतं ते कफ काढण्याचं. फिजिओथेरपिस्टकडून श्वासाचे टप्प्याटप्प्याचे व्यायाम शिकून घ्या. थरथर निर्माण करणारं हातात धरायचं एक उपकरण मिळतं, त्यात श्वास सोडायचा असतो, त्याने नळ्यांतला चिकट कफ सुटतो. काहींना खारट पाण्याची वाफ नेब्युलायझरने देतात. तिचा पहिला डोस मात्र दवाखान्यातच घ्यायचा, कारण कधीकधी छाती आवळते. मी सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं करत होते. पहिल्या महिन्यात कंटाळा यायचा, मग सवय झाली. रात्री आम्ल घशाशी येत असेल तर त्याचाही इलाज करून घ्या, ते श्वासनलिकेत उतरून नुकसान करतं. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप चालू असेल तर तो गरजेचाच आहे का हे विचारा, पण मनाने बंद करू नका. वजन घटू न देणं हेही कामच समजा. एवढ्यावरच काहींच्या थुंकीतून जंतू औषधांशिवाय निघून जातो. माझ्या सोळा महिन्यांत एकदा कल्चर निगेटिव्ह आलं आणि मी फार मोठी आशा धरली. पुढचं परत पॉझिटिव्ह आलं. तेव्हा एका निगेटिव्हवर फार विसंबू नका.

औषधांची किंमत शरीराला काय पडेल

आता दुसरं पारडं. मॅकचे नेहमीचे उपचार म्हणजे तीन औषधं, ॲझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन. कल्चर निगेटिव्ह व्हायला लागल्यापासून पुढे किमान बारा महिने. म्हणजे एकूण दीड वर्ष धरून चाला. जंतू औषधाला दाद देणारा असला तरी सगळ्यांचंच कल्चर निगेटिव्ह होत नाही. दहांपैकी साधारण सहांना यश येतं असं धरा. आणि झालेल्यांतही बऱ्याच जणांना पुढे परत होतो, अनेकदा त्याच जंतूचा उरलेला अंश म्हणून नव्हे, तर बाहेरून नव्याने आलेला म्हणून. हे आकडे ऐकून मला वाईट वाटलं, पण ते आधी ऐकलं हे बरं झालं.

त्रासांपैकी पोट बिघडणं, तोंडाची चव जाणं हे बहुतेकांना थोडंफार होतं. रिफॅम्पिसिनने लघवी आणि अश्रू नारिंगी होतात, मऊ कॉन्टॅक्ट लेन्सवर कायमचे डाग पडतात. ते यकृतावर ताण आणतं आणि दुसऱ्या कितीतरी औषधांचा असर कमी करतं, रक्त पातळ ठेवणाऱ्या काही गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्याही त्यांत आल्या. म्हणून तुम्ही घेता त्या प्रत्येक गोळीची यादी घेऊन जा, साधी वाटणारीसुद्धा. ॲझिथ्रोमायसिनने कानांत आवाज येऊ शकतो, ऐकू कमी येऊ शकतं, आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बदलू शकते. त्यासाठी सुरुवातीलाच ईसीजी आणि कानांची तपासणी करून घेतात. इंजेक्शनने दिलं जाणारं अमिकासिन कान, तोल आणि मूत्रपिंड या तिन्हींवर जातं. गाणं शिकवणाऱ्या माणसाने कानांचा प्रश्न जितक्या गांभीर्याने विचारावा तितकाच मी डोळ्यांचा विचारला.

कारण इथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेला सूज आणू शकतं. आणि बहुतेकदा पहिल्यांदा जातो तो लाल आणि हिरव्यातला फरक. निवृत्त झाले तरी नमुने बघायला माणसं घरी येतात माझ्याकडे. मला धडकीच भरली.

डॉक्टरांना मी विचारलं, हे औषध गाळता येईल का? ते म्हणाले, गाळलं तर ॲझिथ्रोमायसिनचा टेकूच काढून घेतल्यासारखं होईल, ज्याची आपल्याला सर्वांत जास्त गरज आहे. मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझा सगळा हिशेब बदलला. पोकळी नसलेल्या, ठिपक्यांच्या आजारात तिन्ही औषधं आठवड्यातून तीनच दिवस देता येतात. तशी घेतली तर डोळ्यांना अपाय रोज घेण्यापेक्षा कमी वेळा होतो, आणि पोटही बरं राहतं. पोकळी झाली की मात्र रोज घ्यावी लागतात, वर इंजेक्शन.

म्हणजे फार वेळ थांबण्याचीही किंमत होती. मी डोळ्यांना भिऊन औषध लांबवत बसले असते आणि मधल्या काळात पोकळी झाली असती, तर डोळ्यांना जास्त धोका असलेली पद्धत मला घ्यावी लागली असती, आणि कानही पणाला लागले असते. सौम्य पद्धत मिळण्याची खिडकी उघडी आहे तोवर सुरू करायचं, पण तिच्याही आधी उगाच नाही, एवढंच मला ठरवायचं होतं. हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा: "आज सुरू केलं तर कोणती पद्धत, आणि आजार वाढल्यावर सुरू केलं तर कोणती?"

तुमच्या कामाला, तुमच्या जगण्याला शरीराचा कुठला भाग सर्वांत जास्त लागतो, तेही डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं असतं. अहवालात ते कुठेच लिहिलेलं नसतं.

सुरू केलं तेव्हा

पंधराव्या महिन्यात वजन ४४ च्या खाली गेलं आणि तिथेच राहिलं. तिसऱ्या मजल्याला जाताना दुसऱ्यावर थांबावं लागायला लागलं होतं, पण माझं मीच "उन्हाळा आहे" म्हणून सोडून दिलं होतं. मूळ पानाशेजारी ठेवल्यावर ते सुटलं नाही. थुंकी लवकर दिली, स्मीअर पॉझिटिव्ह आली. सीटीवर ठिपके उजव्या खालच्या भागात उतरले होते. पोकळी नव्हती. ते वाक्य मी दोनदा वाचून घेतलं. दोनाच्या जागी तीन खुणा झाल्या होत्या, तेव्हा त्या दिवशी चर्चेला फारसं काही उरलंच नव्हतं. पुन्हा संवेदनशीलता तपासायला दिली, रक्त, यकृत, मूत्रपिंड, ईसीजी, कान, आणि नेत्रतज्ज्ञांकडे दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी दृष्टी आणि रंगांच्या ठिपक्यांची चाचणी. या मूळ नोंदी नसतील तर पुढे बदल कशाशी ताडून बघणार?

औषधं एकदम तिन्ही सुरू न करता आठवड्याच्या अंतराने एकेक वाढवली. त्यामुळे मळमळ कशाने होतेय हे कळलं. रात्री झोपताना घेतल्यावर ती बरीच कमी झाली.

डोळ्यांसाठी मी घरी एक पद्धत बसवली. लाल-हिरव्याच्या जवळच्या शेडची आठ कार्डं माझ्याकडे होती. दर मंगळवारी, त्याच खिडकीत, त्याच वेळी, एक डोळा झाकून ती क्रमाने लावायची, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघू नका, कारण एका डोळ्यात बिघाड असला तर दुसरा तो झाकून टाकतो. कार्डं नसतील तर लाल आणि हिरव्या धाग्याची दोन रिळं आणि बारीक अक्षरांचा एकच ठरलेला कागद पुरतो. फरक जाणवला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता इथॅम्ब्युटॉलची पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, असं आमचं आधीच ठरलं होतं. वेळेत थांबवलं तर दृष्टी बहुतेकदा सावरते, उशीर झाला तर सावरेलच असं नाही. तो फोन मला करावा लागला नाही.

थुंकी दर महिन्याला जात होती. पाचव्या महिन्यात कल्चर निगेटिव्ह झालं, त्यापुढची लागोपाठ दोनही तशीच आली, आणि बारा महिन्यांचं घड्याळ त्या पहिल्या निगेटिव्हपासून धरलं. सहा महिने औषधं घेऊनही कल्चर पॉझिटिव्हच राहिलं तर तीच औषधं तशीच पुढे ओढत नाहीत. संवेदनशीलता परत बघतात, आणि श्वासावाटे घ्यायचं अमिकासिन जोडण्याचा विचार करतात. हा प्रश्नही सुरू करतानाच विचारून ठेवा: सहाव्या महिन्यात आपण काय बघणार आहोत?

आता वजन ४७.५ आहे. तिसरा मजला एका दमात होतो. व्यायाम सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. वहीत नवं पान काढून आजची मूळ स्थिती परत लिहिलीय, आणि शेजारच्या पानावर खुणा, याही वेळी डॉक्टरांना समोर बसवून. पुढचा नमुना पुढच्या महिन्यात द्यायचा आहे, डबी आणून ठेवलीय.